वडिलांची चाल बदललीये, एमआरआयमध्ये "वयानुसार बदल" लिहिलंय, आता काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७३ वर्षांचे. गेल्या वर्षभरात चाल बदललीये, पावलं छोटी झालीत, दोनदा तोल जाऊन पडले, शर्टाची बटणं लावायला खूप वेळ लागतो, आणि कधीकधी बाथरूमपर्यंत पोचायच्या आत लघवी होते. मेंदूचा आणि कमरेचा एमआरआय केला, त्यात मेंदू वयानुसार आकसलाय, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या थोड्या मोठ्या आहेत आणि कमरेत तीन ठिकाणी गादी फुगलीये असं आलं. एक डॉक्टर म्हणाले वय झालंय, दुसऱ्यांनी पार्किन्सनच्या गोळ्या सुरू केल्या (दोन महिने झाले, काही फरक नाही), आणि नात्यातलं कोणीतरी स्टेम सेलचं पॅकेज सुचवतंय. यावर रिसर्च नक्की काय म्हणतो आणि पुढे काय करायचं?

मी गेली २५ वर्षं मेंदू आणि मणक्याची ऑपरेशन्स करतेय. तुमच्या वडिलांना तपासल्याशिवाय निदान सांगता येणार नाही आणि सांगणारही नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला "वय झालंय" हे अजिबात पटलेलं नाही. वयाने माणूस हळू चालतो हे खरं, पण एका वर्षात चाल, हात आणि लघवी तिन्ही बिघडत असतील तर कुठेतरी काहीतरी होतंय, आणि ते शोधायचं असतं. त्यातल्या काही गोष्टी बऱ्या करता येतात, निदान थांबवता तरी येतात, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधी त्या रिपोर्टबद्दल बोलू, कारण घरोघरी लोक त्याच कागदाला धरून बसतात. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता, ३३ अभ्यास एकत्र केले होते, एकूण ३,११० माणसं, आणि या सगळ्यांना कंबरदुखी नव्हती, काहीच त्रास नव्हता. तरी स्कॅनमध्ये विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या आसपासच्या ९६ टक्के लोकांच्या. गादी फुगलेली विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे वडिलांच्या कमरेत तीन गाद्या फुगलेल्या दिसणं ही त्या वयातली बहुसंख्य लोकांची स्थिती आहे, आणि त्यावरून "मणक्यात गॅप आलाय, म्हणून चालता येत नाही" असं म्हणणं बरोबर नाही. पण याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि ती कोणी बोलत नाही. स्कॅनवर एवढ्या सगळ्यांचं काही ना काही दिसतं म्हणून डॉक्टरांच्या डोळ्याला त्याची सवय होते, आणि मग ज्या एखाद्याचं खरंच नस दाबण्याइतकं बिघडलंय त्याच्याही रिपोर्टवर तेच दोन शब्द पडतात. फिल्म एकटी काही सांगत नाही, ती माणसाच्या शेजारी ठेवून वाचावी लागते.

म्हणून मी पेशंट दारातून आत येतो तेव्हा त्याच्या पायांकडे बघते, फाईल नंतर उघडते. वयस्कर माणसाची चाल बिघडण्याच्या चार-पाच तऱ्हा आहेत आणि नीट बघितलं तर त्या बऱ्यापैकी वेगळ्या दिसतात. पार्किन्सनमध्ये पाय जवळजवळ पडतात, माणूस थोडा पुढे वाकलेला, आणि चालताना एक हात हलायचा थांबलेला असतो, बहुतेक वेळा सुरुवात एकाच बाजूने होते. मेंदूत पाणी साठलं असेल तर दोन पायांतलं अंतर वाढतं, पावलं जमिनीला चिकटल्यासारखी घासत पडतात, वळताना सात-आठ छोटी पावलं टाकावी लागतात, पण हात मात्र छान हलत असतात. मानेत मज्जारज्जू दाबला गेला असेल तर पाय कडक, काठीसारखे, आणि डोळे मिटले किंवा अंधार असला की तोल जास्त जातो. कमरेचा कॅनॉल, म्हणजे मणक्यातली नसांची वाट, अरुंद झाला असेल तर पहिली काही मिनिटं चाल चांगली असते, मग पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की पाचएक मिनिटांत मोकळं वाटतं. वाकल्यावर कॅनॉल थोडा उघडतो, ताठ उभं राहिल्यावर आतला जाड झालेला लिगामेंट दुमडून नसांवर येतो, एवढं साधं कारण आहे, आणि म्हणूनच अशा माणसाला ट्रॉली ढकलत किंवा सायकलवर काही होत नाही, नुसतं ताठ चाललं की होतं.

आता तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. बटणं लावायला वेळ लागतो असं तुम्ही लिहिलंय आणि एमआरआय झालाय मेंदूचा आणि कमरेचा. मानेचा झालेलाच नाही! कमरेच्या आजाराने हात बिघडत नाहीत. हात आणि पाय दोन्ही बिघडले की मान बघायलाच पाहिजे, कारण मेंदूकडून हातापायांना जाणाऱ्या सगळ्या वायर मानेतूनच जातात. मानेचे मणके झिजतात, हाडाच्या कडा वाढतात, गादी मागे सरकते, मागचा लिगामेंट जाड होतो, आणि मधला मज्जारज्जू सगळ्या बाजूंनी आवळला जातो. त्यात मान हलवताना तो दर वेळी घासला जातो, रक्तपुरवठा कमी होतो, वायरींवरचं आवरण जातं, शेवटी वायरीच मरतात. याला हल्ली डीजनरेटिव्ह सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. हे नावसुद्धा २०१५ मध्ये पडलं, त्याआधी याच आजाराचे तुकडे वेगवेगळ्या नावांनी फिरायचे त्यामुळे अभ्यास एकत्र करणंच अवघड होतं. मोठ्या माणसांत मज्जारज्जू निकामी होण्याचं हे जगातलं सर्वात कॉमन कारण आहे, अपघातापेक्षाही जास्त, आणि तरी निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून जास्त जातात असं अभ्यासात दिसलंय. दुखत नाही ना, हेच त्याचं वाईट आहे. मान दुखली असती तर माणूस आला असता, पण बऱ्याच जणांची मान अजिबात दुखत नाही, नुसते हात बोथट होतात.

एका बाईंचं सांगते. शिवणकाम करायच्या, साठी ओलांडलेली. हाताला मुंग्या येतात म्हणून आल्या, मनगटात नस दबल्याचा रिपोर्ट हातात होता, त्यात खरोखरच थोडं दबलेलं दिसत होतं, मी मनगट तपासलं आणि ऑपरेशन करून टाकलं. मान तपासली नाही, पाय तर नाहीच नाही. दीड वर्षाने परत आल्या तेव्हा सुईत दोरा ओवणं पूर्ण बंद झालं होतं. मी त्यांना दोन्ही हात पुढे करून बोटं जुळवून धरायला सांगितलं, आणि अर्ध्या मिनिटात दोन्ही करंगळ्या आपोआप बाजूला सरकायला लागल्या, त्यांना कळतही नव्हतं. मग गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय नेहमीपेक्षा खूप जोरात उडाला. मानेचा एमआरआय केला, दोन ठिकाणी मज्जारज्जू अर्धा झालेला आणि आतमध्ये पांढरा डाग. ऑपरेशनने पुढचं बिघडणं थांबलं, चाल सुधारली, हात थोडे परत आले, मोठ्या नेढ्याची सुई वापरता येते म्हणाल्या, पण बारीक काम गेलं ते गेलंच. ते दीड वर्ष माझ्या हातून गेलं. तेव्हापासून हाताला मुंग्या म्हणून कोणीही आलं तरी मी आधी चालून दाखवायला सांगते.

घरी एक करून बघता येईल. वडिलांना हात पुढे करून मूठ पूर्ण उघडायला आणि पूर्ण मिटायला सांगा, जितकं जमेल तितकं भराभर, आणि तुम्ही १० सेकंद मोजा. सर्वसाधारणपणे २० किंवा जास्त वेळा जमायला हवं. खूप कमी होत असेल, किंवा उघडताना बोटं अडखळत असतील, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. यावरून निदान होत नाही, संधिवात असेल तरी आकडा कमी येतो, पण मान तपासायला एवढं कारण पुरेसं आहे.

उपचाराबद्दल रिसर्च इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १८ मार्कांची एक मोजपट्टी वापरतात, हात, पाय, संवेदना आणि लघवी यावर, मार्क जितके कमी तितका आजार जास्त. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार १४ किंवा कमी मार्क असतील तर ऑपरेशन, १५ ते १७ असतील तर ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम आणि लक्ष ठेवणं, बिघडलं की ऑपरेशन. पुढून करायचं की मागून यावर सर्जन लोक वर्षानुवर्षं भांडले, २०२१ मध्ये १६३ पेशंटांवर चिठ्ठ्या टाकून केलेली ट्रायल आली, वर्षभरानंतर पेशंटच्या हालचालीत दोन्हीत लक्षणीय फरक नाही. औषधाचाही प्रयत्न झाला, रिलुझोल म्हणून एक गोळी आहे, एएलएस नावाच्या आजारात देतात, ती ऑपरेशनच्या जोडीने ३०० पेशंटांच्या ट्रायलमध्ये दिली, प्राण्यांमध्ये फार छान निकाल होते, माणसांत सहा महिन्यांनी काही जादा फायदा दिसला नाही. त्यामुळे सध्या हाताशी मुख्य गोष्ट एकच, दाब लवकर ओळखणं आणि काढणं. मालिश आणि मान कडाकडा मोडणं मात्र निदान होईपर्यंत कृपा करून बंद ठेवा.

आता दुसरी शक्यता, मेंदूत पाणी साठण्याची. चाल, लघवी आणि डोकं मंद होणं हे तिघं एकत्र, आणि रिपोर्टमध्ये पोकळ्या मोठ्या. याची गोष्ट मला फार आवडते. कोलंबियात, बोगोटा शहरात सालोमोन हाकिम नावाचे न्यूरोसर्जन होते, १९५७ मध्ये त्यांच्याकडे १६ वर्षांचा एक मुलगा होता, अपघातानंतर बेशुद्धीसारख्या अवस्थेत, मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या पण पाण्याचं प्रेशर नॉर्मल. तपासणीसाठी म्हणून थोडं पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी मुलगा बोलायला लागला. प्रेशर नॉर्मल असताना पाणी काढून फरक पडतो हे तेव्हाच्या पुस्तकांत बसतच नव्हतं. १९६५ मध्ये हाकिम आणि अमेरिकन न्यूरोलॉजिस्ट रेमंड अ‍ॅडम्स यांनी हे मोठ्या जर्नलमध्ये छापलं आणि नॉर्मल प्रेशर हायड्रोकेफलस हा आजार जगाला कळला.

आपल्या मेंदूत दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं, कुठल्याही क्षणी आत असतं दीडशे मिलीच्या आसपास. उतारवयात काही जणांत हा हिशोब बिघडतो आणि पोकळ्या फुगतात. आता पोकळ्या मेंदू आकसल्यामुळेही मोठ्या दिसतात, अल्झायमरमध्येही दिसतात, तर ओळखायचं कसं? फिल्मवर काही खुणा असतात, वरच्या बाजूच्या फटी आवळलेल्या आणि खालच्या रुंद, पण खरी परीक्षा पाणी काढून बघण्याचीच. कमरेतून सुईने ३० ते ५० मिली पाणी काढतात, आधी ठरावीक अंतर चालायला लावून वेळ मोजतात, नंतर काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी परत मोजतात. "पाठीतून पाणी काढतात" हे ऐकून लोक घाबरतात, ही सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, अर्धांगवायू होईल ही भीती मनातून काढून टाका. चाल स्पष्ट सुधारली तर शंटचा विचार. नाही सुधारली तरी आजार नाहीच असं म्हणता येत नाही, संशय दाट असेल तर दोन-तीन दिवस बारीक नळी ठेवून बघतात.

शंट म्हणजे मेंदूतलं जादा पाणी पोटात सोडणारी नळी, मध्ये एक व्हॉल्व्ह. ६० वर्षं लोक हे ऑपरेशन करत होते, आम्हीही केली, पेशंट चालताना दिसायचे, पण शंका राहायचीच की यातलं किती शंटमुळे आणि किती ऑपरेशन झालं या उमेदीमुळे. २०२५ मध्ये त्याचं उत्तर आलं आणि ते ज्या पद्धतीने काढलं ती पद्धत समजून घ्या. ९९ पेशंट, सगळ्यांना शंट बसवला, पण व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने सेट करता येतो, तर अर्ध्या लोकांचा उघडा ठेवला आणि अर्ध्यांचा जवळपास बंद. पेशंटला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही माहीत नाही. तीन महिन्यांनी उघड्या गटाचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.२३ मीटरने वाढला होता, बंद गटाचा फक्त ०.०३ ने. पडण्याचं प्रमाणही उघड्या गटात कमी. मग बाकीच्यांचेही उघडले. ०.२३ हा आकडा छोटा वाटेल, पण रेंगाळत चालणाऱ्या माणसासाठी सिग्नल बदलायच्या आत रस्ता ओलांडता येणं किंवा न येणं एवढा तो फरक आहे. आणि पूर्ण सांगायचं तर स्मरणशक्ती आणि लघवीत तीन महिन्यांत ठळक फरक दिसला नाही, आणि उघड्या गटात डोकेदुखी आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठणं जास्त झालं. म्हणजे फायदा खरा आहे, धोकाही खरा आहे, आणि चाल हेच मुख्य लक्षण असेल तर फायद्याची आशा जास्त.

हे एवढं सविस्तर सांगितलं कारण स्टेम सेलच्या पॅकेजचं उत्तर यातच आहे. ऑपरेशन, इंजेक्शन, महागडा उपचार, काहीही केलं की माणसाला काही काळ बरं वाटतं, विशेषतः चाल आणि दुखणं यात. २००९ मध्ये मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचारावर दोन ट्रायल आल्या, एका गटाला सिमेंट, दुसऱ्याला नुसतं नाटक, आणि दोन्ही गटांचं दुखणं जवळजवळ सारखंच कमी झालं. २००१ मध्ये पार्किन्सनच्या ४० पेशंटांवर गर्भातल्या पेशी मेंदूत घालून बघितल्या, निम्म्यांना फक्त कवटीला भोकं पाडली. पेशी जगल्या, पण वयस्कर पेशंटांना फायदा दिसला नाही आणि काहींना नंतर अनावर हालचाली सुरू झाल्या. त्या अनुभवातून शिकून आता प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशी वापरतात, २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये दोन निकाल आले, क्योटोच्या टीमचे ७ पेशंट आणि अमेरिका-कॅनडातले १२. हे मला मनापासून आशादायक वाटतं. पण मुख्य प्रश्न होता सुरक्षित आहे का, तुलनेला दुसरा गट नव्हता, पेशी थेट मेंदूच्या ठरलेल्या भागात घातल्या होत्या, आणि ते सगळे पक्क्या निदानाचे पार्किन्सनचे पेशंट होते. तुम्हाला जे पॅकेज सुचवलंय त्यात बहुधा सलाईनमधून किंवा कमरेतून कसल्यातरी पेशी देतील, आजार कुठलाही असो. त्यांना एकच विचारा: ज्यांना या पेशी दिल्या नाहीत त्या गटाचं काय झालं? आणि खऱ्या ट्रायलमध्ये पेशंटकडून प्रायोगिक उपचाराचे लाखभर पैसे सहसा घेत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ज्याचं निदानच झालेलं नाही त्याला पेशी कशासाठी द्यायच्या?

अल्झायमरच्या नव्या इंजेक्शनबद्दल कोणी सांगेल म्हणून थोडक्यात. लेकॅनेमॅबच्या ट्रायलमध्ये १,७९५ लोक होते, दीड वर्षात आजार वाढण्याचा वेग सुमारे २७ टक्के कमी, पण स्मरणशक्ती आणि रोजची कामं मोजणाऱ्या १८ मार्कांच्या एका वेगळ्या पट्टीवर तो फरक ०.४५ चा, आणि मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्रावाचा धोका. अगदी सुरुवातीच्या अल्झायमरसाठी आहे ते. वडिलांची आधी चाल बिघडलीये, आधी विसरणं नाही, त्यामुळे तिकडे आत्ता जाऊच नका.

आता करायचं काय. मोबाईलवर तीन व्हिडिओ काढा: खुर्चीवरून हात न टेकता उठणं, दहा पावलं जाऊन वळून परत येणं, आणि शर्टाची तीन बटणं लावणं. कंबरेवरचं अंग आणि पावलं दोन्ही दिसली पाहिजेत. एका कागदावर आधी काय सुरू झालं, हात की पाय की लघवी, महिन्यासकट लिहा. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेच्या, चक्करेच्या, अ‍ॅसिडिटीच्यासुद्धा, कारण उलटी आणि चक्करेच्या काही गोळ्यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखी चाल होते. बी १२ आणि थायरॉईड तपासा, बी १२ कमी असेल तर मज्जारज्जूच बिघडतो आणि चित्र अगदी मानेसारखं दिसतं. बीपी झोपून आणि उभं राहून दोन्ही घ्या. पार्किन्सनच्या गोळ्या स्वतःहून अचानक बंद करू नका, ते डॉक्टरच ठरवतील. आणि न्यूरोलॉजिस्टना सरळ विचारा, मानेचा एमआरआय का नको आणि पाणी काढून चाल बघायची का.

ते दोनदा पडलेत म्हणून आणखी एक. एमआरआय पडण्याच्या आधीचा आहे की नंतरचा? आधीचा असेल तर मेंदूचा स्कॅन परत करावा लागेल. या वयात डोक्याला साधा मार लागला तरी काही आठवड्यांनी आवरणाखाली हळूहळू रक्त साठतं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच, आणि ते छोट्या ऑपरेशनने काढता येतं.

पुढचं काही झालं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या: चाल दिवसागणिक बिघडतेय, लघवी तुंबलीये, बसायच्या जागेला बधिरपणा आलाय, डोकं सतत दुखून सुस्ती येतेय, किंवा एका बाजूची ताकद गेली.

आज रात्री तो मुठीचा आकडा मोजा, दोन्ही हातांचा वेगवेगळा, आणि मानेचा रिपोर्ट आला की त्याच्यासोबत लिहून पाठवा.